अड्याळ ते चिखला, पांढऱ्या मक्याच्या मागे

नागपूरहून सुटलेल्या बसमध्ये शेजारच्या गृहस्थांना मी सांगितलं, की भंडाऱ्याला मक्यासाठी निघाले आहे, तेव्हा ते मनापासून हसले. "मका? अवो बाई, आमच्या इकडं धान पाहाले यावं, तलाव पाहाले यावं. मक्यासाठी कायले आल्या एवढ्या लांब?"

त्यांचं हसणं रास्त होतं. खिडकीबाहेर धानाच्या कापून झालेल्या बांध्या, म्हणजे खाचरं, होती, त्यांत लाखोरीच्या डाळीची बुटकी हिरवी रोपं उगवून आली होती आणि मधूनमधून तळ्याचं पाणी चमकत होतं. मका कुठेच नव्हता. इकडे तो शेतात नसतो, घरामागच्या वाडीत असतो. चार ओळी, मुलांनी भाजून खाण्यापुरत्या. मला त्या चार ओळीच हव्या होत्या.

मी मूळची कराडकडची, पण बरीच वर्षं हिमाचलात, उंचावरच्या एका संशोधन केंद्रात मक्याच्या नव्या जाती तयार करायचं काम करते. तिकडे मक्याला मोजकेच महिने मिळतात. बर्फ वितळल्यावर पेरायचं आणि थंडीचा कडाका सुरू व्हायच्या आत काढायचं. त्यामुळे लवकर येणारी तीच ती थोडी वाणं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत मिसळत राहिली. सगळी एकमेकांची चुलत-मावस भावंडं. एखाद्या वर्षी पानांवर करपा आला, की सगळं शेत एकदम बसतं. नवं रक्त हवं, आणि ते उष्ण प्रदेशातल्या जुन्या मक्यांमध्ये भरपूर आहे. अडचण एवढीच, की हा मका उत्तरेत नेला की उन्हाळ्यातल्या लांबलचक दिवसांनी गोंधळतो. नुसता उंच वाढत जातो, तुरा काढायचं नाव घेत नाही, आणि कणीस भरण्यापूर्वी थंडी त्याला गाठते. म्हणून त्याचा आमच्या लवकर येणाऱ्या वाणांशी संकर करायचा, पुढच्या पिढीतली लवकर फुलणारी झाडं निवडायची, ती पुन्हा पेरायची. वर्षामागून वर्षं हेच.

आमच्याकडे शिकायला असलेल्या प्रशांतने एकदा फोनवर मला एक फोटो दाखवला. अड्याळला त्याच्या मावशीच्या वाडीतला पांढरा मका होता तो. शेजारच्या वाडीतल्या मक्याची पानं करप्याने तांबूस झाली होती आणि मावशीचा मका मात्र हिरवागार उभा होता. मी तो फोटो मोठा करून करून पाहिला. आमची पेरणी जवळ आली होती. मी मावशींना फोन लावला.

त्या फोनवर मी जे बोलले, ते इथे लिहायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. बियाणं गोळा करत फिरणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघतात हा माझा अनुभव. 'कंपनीवाली का?' हा प्रश्न मी इतक्या दारांत ऐकला आहे, की हल्ली फोनवर मी बियाण्याचं नावच काढत नाही. म्हणून म्हणाले, "मावशी, मला फक्त तुमचा मका चाखायचा आहे. बाकी काही नको." समोर गेल्यावर, ओळख झाल्यावर हळूच मूठभर दाणे मागता येतील, असा माझा हिशोब.

"या नं मग," पलीकडून आवाज आला. "मक्याले काय, घरचाच आहे."

अड्याळ

प्रशांतची मावशी, विमलताई मेश्राम, रस्त्यावरच्या थांब्यावर उभ्याच होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, सडसडीत, पदर कमरेला खोचलेला. "जयभीम मॅडम. लय तरास झाला का? आना, बॅग मी घेतो."

'मी घेतो'. इकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. आमच्याकडे पुरुषाने बोलावं तसं. पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं, संध्याकाळपर्यंत ते इतकं गोड वाटायला लागतं, की आपलं 'मी घेते' उगाच नाजूक वाटू लागतं. बॅग मी देईना आणि त्या सोडीनात, अशी ओढाताण करत आम्ही बाजाराच्या गल्लीतून घराकडे गेलो.

घर पुढून कौलारू, मागे दोन खोल्या स्लॅबच्या. ओसरीत बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यासमोर ताजी फुलं. विमलताईंचे यजमान देवरावजी शाळेत शिपाई होते, आता निवृत्त होऊन घरची धानाची शेती बघतात. मितभाषी माणूस. मुलगा नागपूरला नोकरीला. मी मुद्द्याचं बोलण्याआधी जरा वातावरण तयार करावं म्हणून पिशवीतून आमच्या डोंगरातली दोन कणसं काढून दाखवली. आखूड, टणक, गडद केशरी दाण्यांची. विमलताईंनी एक हातात घेतलं, अंगठा फिरवला.

"हा लवकर निंगते म्हन्ता?"

"खूप लवकर. तुमच्या मक्याच्या कितीतरी आधी."

"मंग धान कापल्यावर बांधीत जे ओल राह्यते, त्याच्यात निंगन हा." त्या देवरावजींकडे वळल्या. देवरावजींनीही कणीस उलटसुलट करून पाहिलं आणि मान हलवली. मी कणसं परत घेतली, पिशवीत ठेवली, चेन लावली. सवयीने. केंद्रातली वस्तू कुठे राहू द्यायची नाही, ही आमची शिस्त.

मग पानं वाढली. मी त्या जेवणाचं वर्णन करू नये हे बरं, पण करतेच, कारण तसं मी पुन्हा कुठे जेवेन असं वाटत नाही. मक्याच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या, कडेला किंचित गुलाबी झाक असलेल्या. लाखोरीच्या डाळीचं दाट वरण. सुक्या झिंग्यांची तिखटजाळ चटणी, जिने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि देवरावजींना पहिल्यांदा हसवलं. मक्याचे खरपूस वडे. आणि शेवटी मक्याच्या कण्या, दुधात मंद शिजवून गूळ घातलेल्या. हिमाचलात आम्ही मक्याची रोटी खातो ती जाड, पिवळी आणि जरा कोरडी. ही भाकरी तोंडात विरघळत होती. मी दोनदा भाकरी मागून घेतली. कण्यांची वाटी बोटाने पुसली. "असला मका मी आजवर खाल्ला नाही," असं म्हणाले, आणि ते खरं होतं. विमलताई समोर बसून वारा घालत होत्या, चेहरा नुसता उजळलेला.

हात धुतल्यावर मला वाटलं, आता वेळ झाली. "ताई, आता जरा तुमचं बियाणं बघू दे. कुठे टांगलंय?"

"कोनतं बियानं?"

"मक्याचं. पेरायला ठेवलेलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "अवो, तेच तं तुमी आत्ता जेवल्या नं."

मी स्वयंपाकघराच्या दारातून आत पाहिलं. चुलीच्या वर आढ्याला एक खिळा होता आणि त्याला सुतळीचा नुसता फास लोंबत होता. धुराने काळा झालेला. जात्याभोवती पांढरं पीठ सांडलेलं होतं.

"गेल्या साली डुकरांनी लय नासाडी केली," विमलताई सांगू लागल्या. "एवढाच झुबका राह्यला होता. तुमी म्हनल्या नं, चाखाचा आहे. एवढ्या लांबून येऊन राह्यल्या, तं मी म्हनलं कंजुशी कायले कराची? दळला सारा."

"सगळा? बी नाही ठेवलं?"

"भावाकडं आहे नं पवनीले. आमच्या बापाचा मका होय तो. मले लग्नात देल्ला, भावानं घरी ठेवला. मी आनतो त्याच्याकडून मिरगाच्या आंधी." मग माझा चेहरा पाहून त्यांचा स्वर बदलला. "तुमाले बियानं पाह्यजे होतं का मॅडम?"

मी "तसं काही नाही" म्हणाले. आणि थोडं थांबून, "म्हणजे... हो."

पोटात तो मका होता. ज्यासाठी मी डोंगरावरून इतके दिवस प्रवास करून आले, तो मी दोनदा मागून घेऊन खाल्ला होता. मक्यावर आयुष्य घालवलेल्या बाईला पानात काय पडलं आहे हे समजलं नाही. त्याहून वाईट म्हणजे, दुधाच्या वाटीचा गोडवा अजून जिभेवर होता आणि तो मला आवडत होता.

"चाला मंग," विमलताई म्हणाल्या. "उद्या पवनीले जाऊ. मी येतो तुमच्यासंगं."

पवनी

सकाळच्या बसने आम्ही दोघी पवनीला उतरलो. गाव जुनं, फार जुनं. किल्ल्याच्या भिंतीचे तुकडे घरांच्या मधूनच डोकं काढतात, आणि जुन्या स्तूपाच्या अवशेषांकडे जाणाऱ्या वाटेवर कुणीतरी शेणाच्या गोवऱ्या वाळत घातलेल्या असतात. विमलताईंनी वाटेत मला तिकडे नेलं, चपला काढून हात जोडले, आणि "आमचे लोक छप्पन सालापासून इथं बुद्धाचे झाले, पन बुद्ध तं इथं आंधीपासूनच होता," असं म्हणाल्या. मलाही तिथे हात जोडावेसे वाटले. जोडलेही. पण डोक्यात मका होता.

दयाराम, म्हणजे विमलताईंचा धाकटा भाऊ, भाजीपाल्याचा धंदा करतो. घराच्या मागे वाडीत शिरताच मला समोर मका उभा दिसला, हिरवागार, कणसं धरलेला. माझा जीव भांड्यात पडला. "हे बघा!" असं मी जवळजवळ ओरडलेच.

दयाराम खूश झाला. त्याने लगेच दोन कणसं उकडायला लावली. मीठ-लिंबू लावून एक माझ्या, एक विमलताईंच्या हातात दिलं आणि मी पहिला घास घेतला. गोड. साखरेसारखं गोड. एका घासात कळलं. दुकानातून पाकिटात मिळणारं स्वीट कॉर्न. मी चघळत राहिले.

विमलताईंनीही एक दाणा काढून तोंडात टाकला आणि थांबल्या.

"दया, हा कोनता मका होय?"

"हायब्रीड होय बाई. मस्त इकते. बसस्टँडवर पोट्टे उकडून इकतात."

"अन् आपल्या बाचा?"

दयारामने डोकं खाजवलं. "तो कोन खाते आता? त्याले गिऱ्हाईकच नोयतं. सोडला मी दोन-तीन साल झाले."

"सोडला म्हन्जे? बी तं ठेवलं असंल नं?"

"नाही बाई. कोंबड्याइले टाकला."

हातातलं कणीस विमलताईंनी नीट ताटलीत ठेवलं, उठल्या आणि बाहेर गेल्या. दयाराम माझ्याकडे पाहून ओशाळं हसला, "बाई उगाच राग करते." कालपर्यंत तो मका अड्याळच्या चुलीवर टांगलेला होता. जगातला बहुधा शेवटचा झुबका, आणि त्यांनी तो भावाच्या भरवशावर माझ्या पानात वाढला होता.

त्या मला वैनगंगेच्या घाटावर सापडल्या. पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडलेले. नदी उन्हाळ्याकडे झुकलेली, अर्धं पात्र वाळूचं. मी जवळ गेले आणि शेवाळावर पाय सटकून घोट्यापर्यंत पाण्यात गेले. साडी भिजली, चप्पल वाहू लागली. विमलताईंनी वाकून चप्पल पकडली, पिळून काढावी तशी झटकली आणि माझ्यासमोर ठेवली. अशा वेळीही माझीच सोय त्या बघत होत्या.

"माफ करा ताई," मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "बाप त्या पलीकडच्या वाळूत टरबूज-डांगराची वाडी लावे," त्या म्हणाल्या. "डांगराच्या काठानं हा मका. राती कोल्हे येत. बाप डबा वाजवे. मले वाटे, मक्यालेच आयकवून राह्यला." मग पाय पाण्याबाहेर काढत, "माही ननंद आहे चिखल्याले. कौसल्या. तिनं एकदा माह्यापासून नेला होता. आता आहे का नाही, काय मालूम?"

"फोन करूया?"

"फोनवर नाही." त्या उठल्या. "फोनवर बरोबर समजत नाही मानसाले."

त्यांनी हे कुणाला टोचावं म्हणून म्हटलं नव्हतं. तरीही मी खाली बघत चप्पल घातली.

चिखला

अड्याळ-पवनी हा जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग आणि चिखला पार उत्तरेला, तुमसरच्याही पुढे. दुसऱ्या दिवशी वाटेत बस बदलत, चहा पीत, उकिरड्यावरच्या बगळ्यांकडे बघत आम्ही गेलो. बसमध्ये विमलताई माझ्याकडून तिकिटाचे पैसे घेईनात. "तुमी पाहुन्या आहा," एवढंच म्हणत. चिखल्याच्या जवळ धानाचा प्रदेश संपतो, जमीन काळपट-तांबडी होते आणि रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवरही मँगनीजची भुकटी बसलेली दिसते. खनिजाचे ट्रक एकामागून एक येतात. खाण जमिनीखाली आहे, वरून दिसतात ते मनोरे आणि वाहनांच्या रांगा. तिच्या कुशीत कामगारांची वसाहत, एकसारख्या क्वार्टरांची.

वसाहतीत शिरताच कानावरची बोली बदलली. कुणी बालाघाटकडचं, कुणी छत्तीसगडचं, कुणी आमच्यासारखं मराठी, पण मध्येच हिंदीत घसरणारं. कौसल्याताईंचे यजमान पूर्वी खाणीत खाली उतरत, आता घरीच असतात. त्या दोघी नणंद-भावजया दारातच एकमेकींना बिलगल्या. आणि मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं, तर व्हरांड्याच्या तारेवर कणसंच कणसं टांगलेली.

पांढरी, पिवळी, मरून, जांभळट. एकाच कणसावर चार रंगांचे दाणे. काही लांबट, काही फुगीर, काही डाळिंबासारखी गच्च.

मला जे झालं ते सांगते. मी धावले. खरोखर धावले, विमलताईंना ओलांडून. एक कणीस उतरवलं, दुसरं उतरवलं, नखाने दाणा दाबून बघितला. शेजारच्या क्वार्टरमधली बालाघाटकडची बाई हे बघून बाहेर आली आणि हसून म्हणाली, "अरे दीदी, हमारे यहाँ भी वही है. सबके पीछे एक ही मक्का है." मला उलगडा झाला. वेगवेगळ्या मुलखांतून आलेल्या कामगारांनी आपापल्या गावची मूठ-मूठ मका आणून क्वार्टरांच्या मागे लावली होती. मागच्या अंगणांना कुंपण असतं, परागाला नसतं. वाऱ्याने वर्षानुवर्षं सगळ्यांचा मका एकमेकांत मिसळत गेला होता. आम्ही केंद्रात हाताने, पिशव्या बांधून, नोंदी करून जे घडवायला बघतो, ते इथे कुणी न ठरवता घडलं होतं. इतकं वैविध्य मी एका जागी कधी पाहिलं नव्हतं.

"ताई, हे तर त्याहूनही चांगलं आहे!" मी वळून म्हणाले. माझा आवाज आनंदाने फुटत होता.

विमलताई तारेखाली उभ्या होत्या. एकेक कणीस फिरवून बघत होत्या, सोडत होत्या, पुढचं बघत होत्या.

"हा नोहे," त्या म्हणाल्या. पुढचं धरलं. "हाही नोहे. कौसल्या, माह्या बाचा कोनता वं?"

"त्याच्यातलाच होय वैनी," कौसल्याताई म्हणाल्या. "पयले पांढरा निंगे. मंग असा रंगीबेरंगी झाला. पोराइले आवडते."

माझ्या तोंडावरचं हसू पुसायला मला जमेना. गालांचे स्नायू तसेच ताणलेले राहिले, आणि विमलताईंनी ते पाहिलं. माझ्या दृष्टीने एका पांढऱ्या वाणापेक्षा हा मिश्र मका कितीतरी मोलाचा होता. मला नुकसान झालंच नव्हतं. उलट मी श्रीमंत झाले होते. नुकसान झालं होतं ते फक्त त्यांचं, आणि त्यांच्याच डोळ्यांदेखत मी नाचत होते.

दुपारी आम्ही तिघी व्हरांड्यात सुपं घेऊन बसलो. मी म्हटलं, "पांढरे दाणे वेगळे काढूया. पांढरा रंग दबून राहतो, दिसला तर समजायचं आतही पांढराच आहे. तेवढेच पेरलेत, आणि जवळ दुसरा मका नसला, तर पुढचं सगळं पांढरंच येईल."

विमलताईंचा हात थांबला. "मंग तो माह्या बापाचा होईल का?"

खोटं बोलायला ती जागा सोपी होती. पण आधीच्या एका गोड बोलण्याने काय झालं ते मी बघत होते.

"रंग होईल ताई. उंची, चव, ती गुलाबी झाक... ते नाही सांगता येणार. त्यात आता बाकीच्यांचंही आलंय."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा निवडू लागल्या. बोटांनी एकेक पांढरा दाणा खुडून त्या पदरात टाकत होत्या. कौसल्याताईंनी मला बाकीच्या कणसांची भरलेली थैली दिली, शेजारच्या बाईने आपल्याकडचीही आणून ओतली. कुणीही मला विचारलं नाही, कशाला हवं, कोणत्या कंपनीची.

तुमसर

परतीला आम्ही तुमसरपर्यंत सोबत होतो. तिथून मला नागपूरची बस धरायची होती, विमलताईंना भंडाऱ्याची. स्टँडवर गर्दी, कंडक्टरच्या हाका, तळलेल्या भज्यांचा वास. माझ्या खांद्यावर मक्याची जड थैली, त्यांच्या हातात पांढऱ्या दाण्यांची लहानशी पुरचुंडी.

"मॅडम, राग नोका मानू," त्या अचानक म्हणाल्या. "माह्याच्यानं तुमचं काम बिघडलं. मले समजाले पाह्यजे होतं. एवढी शिकलेली बाई काय जेवाले येते का एवढ्या दूर? मले तं पवनीपासून तोंड दाखवाची लाज वाटून राह्यली होती. म्हनून म्हनलं, चिखल्यापावतर तरी जाऊ."

म्हणजे ही बाई दोन दिवस माझ्यासोबत तिकिटं काढत, चपला झटकत फिरली ती पाहुणचार म्हणून नाही, शरमेने. माझ्या शरमेच्या शेजारी बसून ती आपली वेगळी शरम वागवत होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"नाही हो ताई," मी त्यांचा हात धरला. "माझं चुकलं. मला बियाणंच हवं होतं. पण मागितलं तर तुम्ही नाही म्हणाल अशी भीती वाटली, म्हणून चाखायचं आहे म्हणाले."

त्यांना ते नीट उमजेना. "मांगलं असतं तं देल्लं असतं नं. बियान्याले नाही म्हनते का कोनी?"

मग त्यांचा चेहरा मोकळा झाला. ओझं उतरल्यासारखा. आणि अगदी सहज, आपल्या माणसाला म्हणावं तसं त्या म्हणाल्या, "बरं मंग, तुमच्या त्या कनसाइतलं एखांदं मले द्या नं. तो लवकर निंगनारा. धानाच्या बांधीत पेरून पाहातो."

दोन कणसं माझ्या पिशवीत होती. चेन उघडायचा अवकाश. पण आमची वाणं अशी कुणाला देता येत नाहीत. ती माझी नाहीत, केंद्राची आहेत, त्यांना क्रमांक आहेत, परवानगी लागते. हे नियम मी स्वतः नव्या मुलांना समजावून सांगते.

"ताई, ते... माझं नाही. संस्थेचं आहे. मला विचारावं लागेल."

त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. परक्या माणसाच्या घरात चुकून शिरलो आणि लगेच मागे फिरलो, तसं काहीसं.

"बरं बरं. राहू द्या."

तेवढ्यात भंडाऱ्याची बस लागली. गर्दीत त्या चढल्या, खिडकीशी जागा मिळाली, आणि हात हलवून "सांभाळून जा" म्हणाल्या. मी थैली घेऊन तिथेच उभी राहिले. बस वळेपर्यंत मी पिशवीच्या चेनवर हात ठेवून होते. उघडली नाही.

परत डोंगरात

केंद्रात परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी वरिष्ठांकडे अर्ज केला, की एका शेतकरी बाईला लवकर येणाऱ्या वाणाचे थोडे दाणे द्यावेत. त्यांनी वाचलं, "कल्पना चांगली आहे" म्हणाले, आणि तो अर्ज पुढे गेला. मी अधूनमधून विचारते. तो पुढेच जातो आहे.

चिखल्याचा मका आम्ही पेरला. झाला तसाच, जसा होतो. माणसाच्या दीडपट उंच, गर्द हिरवा, पानावर करप्याचा डाग नाही, आणि तुऱ्याचा पत्ता नाही. आजूबाजूच्या आमच्या बुटक्या ओळी वाळून गेल्या तरी हा आपला वाढतोच आहे. काही थोड्या झाडांनी मात्र वेळेत तुरा काढला. त्यांचे पराग मी स्वतः आमच्या वाणांच्या कणसांवर झटकले, पिशव्या बांधल्या. त्यातून दाणे धरले. फार नाहीत, पण धरले. पुढच्या वर्षी ते पेरले जातील, मग त्यांतले निवडून पुन्हा. भेट देणारे पाहुणे त्या उंच ओळींपुढे थांबून फोटो काढतात आणि हा मका कुठला विचारतात. मी चिखला सांगते, अड्याळही सांगते. बाकीचं सांगत नाही.

दिवाळीच्या सुमारास विमलताईंचा फोन आला. वाडीत पांढरे दाणे पेरले होते, मका आला. अर्धा डुकरांनी खाल्ला. उरलेली बहुतेक कणसं पांढरी निघाली, एखाद्यावर पिवळे दाणे. "शेजारनीच्या वाडीतून आले असतील," त्या म्हणाल्या. चव वडलांच्या मक्याची नाही, पण भाकरी होते. आमच्या लवकर येणाऱ्या कणसाबद्दल त्यांनी विचारलं नाही. मी मनाशी उत्तर जुळवून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

"अन् तुमच्याकडं कसा झाला?"

"उंच झाला ताई. पण थंडी लवकर आली. थोड्याच झाडांना कणसं धरली."

"अरे बापा." त्या खरोखर हळहळल्या. फोनमध्ये मागे देवरावजी काहीतरी बोलत होते, त्यांना त्यांनी गप्प केलं. "मंग पुढल्या साली पेराले कमी पडंल नं तुमाले. पाठवू का आनखी?"

मी हो म्हणाले.